बिनहॉर्नचा मुलूख

जर्मनीतला माणूस जपानमध्ये गाडी चालवायला गेला, तर त्याला आपल्या लायसन्सचं रीतसर जपानी भाषांतर करून बरोबर न्यावं लागतं. पुण्यातल्या माणसाला नाही लागत. ज्यानं ऑटोबानवर शिस्तीत आयुष्य काढलं त्याच्याकडे कागद मागायचा, आणि जो सिंहगड रोडवर दुभाजकाच्या दोन्ही बाजूंनी गाडी चालवायला शिकला त्याला 'या बसा' म्हणायचं, हा न्याय मला फार आवडला. कारण अगदी कोरडं आहे. जपान १९४९ सालच्या जिनिव्हा करारातलंच इंटरनॅशनल परमिट मानतं, आणि आपलं आरटीओ हजार रुपये घेऊन जी पुस्तिका देतं ती नेमकी त्या करारातली असते. करार करताना त्या मंडळींनी सिंहगड रोड पाहिला नव्हता, एवढंच.

त्यात जपानमध्ये गाड्या डाव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. हे कळल्यावर दादा म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच. मग त्यात शिकायचं काय?" दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वीज मंडळातून निवृत्त झाला, पण मंडळ अजून त्याच्यातून निवृत्त झालेलं नाही. तो, वहिनी, मी आणि माझी बायको अशी चौघांची वरात ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावर उतरली आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरपाशी गेली.

काउंटरवरच्या मुलाला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याच्याकडे प्लॅस्टिकमध्ये घातलेले तक्ते होते. तो तक्त्यावर बोट ठेवायचा, आम्ही माना डोलवायचो. मग गाडीभोवती फेरी झाली. केसाएवढा ओरखडा दिसला, तरी तो कागदावरच्या गाडीच्या चित्रात त्या जागी गोल काढायचा आणि आमची क्षमा मागायचा. दादानं उकिडवं बसून त्याला आणखी दोन ओरखडे दाखवले. मुलाचा चेहरा पडला. ही गाडी आपण लोकांना दिलीच कशी, असं काहीतरी तो मनात म्हणाला असावा. शेवटी त्यानं मागच्या काचेखाली एक चुंबकाची पट्टी चिकटवली. बायकोनं फोन धरून तिचा अर्थ काढला: 'परदेशी व्यक्ती गाडी चालवत आहे.' थोडक्यात, शहाण्यांनी आपापलं बघावं.

आम्ही निघालो तेव्हा तो कमरेत वाकून उभा होता. विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे आणि बाहेर पडायला पावणेचार किलोमीटरचा पूल आहे. पुलाला लागेपर्यंत दादा खिडकीतून हात जोडून त्याला उलट नमस्कार करत होता. आधी कुणी थांबायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

आता गाडीबद्दल. गाडी बोलायची. चावी फिरवली की एक बाई अत्यंत मृदू, अत्यंत आदबशीर आवाजात एक लांब वाक्य बोलायची. नंतर आज तारीख काय, वार काय, हे सांगायची. तारखेचं आम्हाला आकड्यांवरून कळलं, पहिलं वाक्य काही कळेना. वहिनींनी ठरवलं की ती प्रवासाला शुभेच्छा देते. रोज सकाळी त्या पदर सावरून "हो गं बाई, तुझंही भलं होवो" असं उत्तर देत. चार सकाळी असं चाललं. मग बायकोला अचानक सुचलं आणि तिनं फोन डॅशबोर्डाजवळ नेला. बाई म्हणत होती, 'ईटीसी कार्ड घातलेलं नाही.' ईटीसी म्हणजे तिकडचा फास्टॅग. वहिनींना हे लागलं. "एवढ्या गोड आवाजात पैशाचंच बोलत होती होय!" त्या दिवसापासून त्यांनी बाईशी बोलणं टाकलं.

कार्ड नसल्यामुळे टोलनाक्यावर जांभळ्या पाटीची रांग आम्हाला निषिद्ध होती आणि हिरव्या पाटीची आमची. हिरव्या रांगेत यंत्र तिकीट देतं, उतरताना माणूस पैसे घेतो, आकडा समोर उजळतो. एकूणच आमचा जपानशी संसार आकड्यांवर चालला. तिकडच्या पत्त्यांना बहुतेक ठिकाणी रस्त्याचं नावच नसतं. भाग, त्यातला चौक, त्यातलं घर असे क्रमांक असतात, आणि जुन्या वस्त्यांत घरांचे क्रमांक ज्या क्रमानं घरं बांधली त्या क्रमानं पडलेले असतात. म्हणजे तीन नंबरच्या शेजारी एकोणीस नंबर सुखानं नांदतो. पोस्टमनला हे कसं जमतं ते तोच जाणे. पण गाडीतल्या नकाशाला अक्षरांची गरजच नव्हती. ज्या ठिकाणी जायचं तिथला टेलिफोन नंबर घातला की तो रस्ता दाखवायचा. फोन नसलेल्या जागेसाठी, म्हणजे धबधबा, घाटमाथा वगैरेसाठी, 'मॅपकोड' नावाची आकड्यांची माळ असते. डेन्सो कंपनीची ही युक्ती. दादा हे आकडे वाचून दाखवायचा तेव्हा त्याच्या आवाजात तीस वर्षांपूर्वीचं मीटर रीडिंग परत यायचं. प्रत्येक तीन आकड्यांनंतर तो थांबून "लिहिलं?" म्हणायचा.

वाकायामा शहरात तोकुगावांच्या एका शाखेचा किल्ला आहे. तो बघायला गाडी एका पार्किंगमध्ये लावली. फाटक नाही, माणूस नाही, एक खांबाएवढं यंत्र. परत आलो तर गाडीच्या पोटाखालून एक लोखंडी पत्रा वर येऊन उभा राहिलेला. दादा हबकला. "जॅमर लावला रे!" त्यानं ताबडतोब हवालदार शोधायला सुरुवात केली, आणि हवालदार नाही म्हटल्यावर तर जास्तच घाबरला, कारण जिथे हवालदार नाही तिथे बोलायचं कुणाशी? जपानमध्ये पार्किंगचा हा नेहमीचा प्रकार आहे. गाडी लावली की थोड्या वेळानं पत्रा वर येतो. जाताना यंत्रावर आपल्या जागेचा क्रमांक दाबायचा, जो आकडा दिसेल तेवढे पैसे टाकायचे, पत्रा निमूट खाली बसतो. तो बसला तरी दादानं वाकून स्वतः खात्री केली. मग मात्र तो बराच वेळ गप्प होता. पावतीवर सही नाही, शिक्का नाही, घासाघीस नाही. एवढ्या सरळ कारभारात माणसानं आपला अनुभव वापरायचा तरी कुठे?

पेट्रोल हाशिमोतोला भरलं. पंपांचे दोन प्रकार असतात. एकात आपणच भरायचं. तिथे लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी महागाच्या पेट्रोलची आणि हिरवी डिझेलची, एवढे रंग पाठ केले की अक्षरं नाही आली तरी इंजिन वाचतं. दुसऱ्या प्रकारात माणसं धावत येतात. आम्ही दुसऱ्यात शिरलो. दोघं टोपीवाले ओरडत आले, एकानं नळी लावली, दुसऱ्यानं काचा पुसल्या आणि आतून पुसायला ओलं फडकं वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी पुढची काच, आरसे, डॅशबोर्ड आणि माझा चष्मा पुसून फडकं घडी घालून परत केलं. निघताना त्यातल्या एकानं रस्त्यावर जाऊन आमच्यासाठी येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि टोपी काढून वाकला. आपल्याकडे एवढ्या इतमामानं फक्त मंत्र्यांच्या गाड्या रस्त्याला लागतात, आणि त्यांना कुणी मनापासून वाकत नाही.

तर तोंडाच्या भाषेचं असं भागत होतं. तक्ते होते, फोन होता, आकडे होते. अडलं ते दुसरीकडेच.

आपण भारतात गाडी चालवतो म्हणजे सतत बोलत असतो. हॉर्नचा एक छोटा आवाज म्हणजे 'मी आहे बरं का'. दोन छोटे म्हणजे 'सिग्नल हिरवा होणार आहे, झोपलास का'. एक लांब म्हणजे समोरच्याच्या घराण्याची चौकशी. वळणावर वेगळा, म्हशीला वेगळा, ओळखीच्या माणसाला वेगळा. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं बंदी केली, पण ते नुसतं लेखी बंद झालं, तोंडी चालूच आहे. जपानमध्ये कारणाशिवाय हॉर्न वाजवणं कायद्यात बसत नाही, आणि गंमत म्हणजे लोक खरंच वाजवत नाहीत. सिग्नल हिरवा होऊनही पुढची गाडी हलली नाही, तर मागचा माणूस वाट बघतो. नुसती वाट बघतो! मला पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगठ्यात वांब आल्यासारखं झालं. जपानी येत नाही याचं मला काही वाटत नव्हतं, ती कधी येतच नव्हती. पण जी भाषा मला उत्तम येते तीही काढून घेतली होती.

शिवाय त्यांचीही एक भाषा होतीच, फक्त बिनआवाजाची. एका गाडीला मी वाट दिली. ती पुढे आली आणि लगेच तिचे चारही दिवे लुकलुकायला लागले. मी ब्रेक मारला. बंद पडली बिचारी, असं आम्हा सर्वांचं मत पडलं. दादा तर धक्का मारायला उतरायच्या बेतात होता. तोवर गाडी भुर्रकन निघून गेली. पुढे दोनतीन गाड्यांनी तेच केल्यावर उलगडा झाला, की ते आभार मानतात. मग आम्हीही मानायला लागलो. दादाला ते बटण इतकं आवडलं, की कुणी काही केलेलं नसतानाही तो शेजारून हात लांबवून आभार मानायचा.

खरा पेच एका अरुंद पुलावर झाला. आमची गाडी या टोकाला, समोरून एक छोटी व्हॅन त्या टोकाला. तिनं हेडलाइट एकदा चमकवला. आपल्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो: 'मी येतोय, बाजूला हो.' मी बाजूला झालो. व्हॅन येईना. तिनं पुन्हा दिवा चमकवला. मी आणखी बाजूला झालो, आता गाडी गवतात. व्हॅन तिथेच. तिकडे दिवा चमकवणं म्हणजे 'आधी तुम्ही या' हे मला कोण सांगणार? म्हणून मीही सौजन्यानं दिवा चमकवला, म्हणजे माझ्या मते 'ये बाबा', आणि सुदैवानं त्याच्याही मते तेच. आता दोघांनीही एकमेकांना निमंत्रण दिलेलं, आणि दोघंही आपापल्या टोकाला बसून. दादा म्हणाला, "अरे, तो काय म्हणतोय त्याच्या उलट कर." मी निघालो. तोही नेमका तेव्हाच निघाला. पुलाच्या मध्यावर दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या आणि आतून सहा माणसांनी एकमेकांना वाकून नमस्कार केले. मागे तो गेला. जाताना चारही दिवे लुकलुकवून गेला.

थांबण्याच्या पाटीची कथा निराळी. आपली अष्टकोनी, त्यांची लाल, उलट्या त्रिकोणाची. २०१७ पासून तिच्यावर इंग्रजीतही 'स्टॉप' लिहायला लागले, पण आडगावात जुन्या पाट्या उभ्या आहेत, नुसत्या जपानी. तिथे थांबायचं म्हणजे चाकं पूर्ण थांबवायची. रेल्वेच्या फाटकाशीही तसंच: फाटक उघडं असलं, गाडीचा मागमूस नसला, तरी आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं आणि मग जायचं. पहिल्यांदा पुढची गाडी अशी उघड्या फाटकाशी थांबली तेव्हा दादानं निष्कर्ष काढला, "वीज गेली असणार."

कोयासान आठशे मीटरवर, डोंगरांच्या बेचक्यात आहे. कूकाई या साधूनं इ.स. ८१६ मध्ये इथे शिंगोन पंथाचा मठ स्थापन केला. आज एकशे सतरा देवळं आहेत आणि त्यांतली पन्नासावर पाहुण्यांना राहायला देतात. आमच्या देवळाचा फोन नंबर दादानं मीटरच्या चालीवर वाचला आणि गाडीनं दारात नेऊन सोडलं. घाट चढून मान आखडली होती, म्हणून सगळे पाय मोकळे करायला ओकुनोइनला गेलो. उंच सुरूंच्या रांगांमधलं हे स्मशान; दोन लाखांच्या वर समाध्या आहेत. आणि तिथे, इतक्या दिवसांनी, बायको एका शेवाळलेल्या दगडापाशी थांबून म्हणाली, "अहो, हे वाचता येतंय."

खरंच येत होतं, म्हणजे जवळजवळ. या समाध्या पाच आकारांच्या रचलेल्या असतात आणि प्रत्येक आकारावर एकेक बीजाक्षर: ख, ह, र, व, अ. लिपी सिद्धम्, आपल्या देवनागरीची चुलत आजी. भारतातून चीनमार्गे बौद्ध ग्रंथांबरोबर इथे आली आणि राहिली. पंचमहाभूतांची ही अक्षरं. पाट्या वाचता येईनात, मेनू वाचता येईना, टोलनाक्यावरचं काही वाचता येईना, आणि अख्ख्या देशात आम्हाला पहिलं वाचता आलं ते थडग्यांवरचं. वहिनी म्हणाल्या, "इथे गाडी आणता आली असती तर बरं झालं असतं."

ओकुनोइनमध्ये बड्या कंपन्यांनीही स्मारकं बांधली आहेत. एक रॉकेटच्या आकाराचं आहे, एक कॉफीच्या कपाचं, आणि वाळवी मारणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेनं मारलेल्या वाळवीसाठी उभारलेलं एक. वाळवीला शांतता लाभो, अशा अर्थाचं तिथे लिहिलं आहे. दादा त्यासमोर बराच वेळ उभा होता. मीटरच्या पेट्यांतल्या पालींची त्याला आठवण झाली असेल.

दुसऱ्या दिवशी गावातल्या कोयासान विद्यापीठात गेलो. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचं अनावरण केलं होतं. तिथे मात्र फोन बाहेर काढायची गरज पडली नाही. वहिनींनी चपला काढल्या. तेवढ्यात तिथून जाणारे एक वयस्कर गृहस्थ थांबले, पुतळ्याकडे हात केला, आमच्याकडे हात केला, आणि 'तुमचे?' अशा अर्थी मान हलवली. चौघांनी एकदम माना हलवल्या. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि गेले. परदेशातलं आमचं सर्वांत सफाईदार संभाषण हेच.

कोयासानहून दक्षिणेला र्‍यूजिनपर्यंत डोंगराच्या माथ्यावरून सुरेख रस्ता आहे. पुढे होंगूला, कुमानोच्या देवळाकडे जायचं होतं. नकाशानं ४२५ नंबरचा रस्ता दाखवला. राष्ट्रीय महामार्गाचा निळा, कोपरे गोल केलेला उलटा त्रिकोण पाहून दादा खूश. "नॅशनल हायवे आहे." आहे खरा. पण गाडीबाज जपानी लोक या ४२५ ची गणना देशातल्या तीन सर्वांत वाईट महामार्गांत करतात, आणि काही जण मुद्दाम सुट्टी काढून तो अनुभवायला येतात. गाडीच्या रुंदीएवढा रस्ता, एका बाजूला ओला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, खाली पडलेली सुरूची पानं, मधूनमधून घरंगळून आलेले दगड. प्रत्येक वळणावर नारिंगी कडेचा बहिर्गोल आरसा. त्या आरशात आपणच येताना दिसतो आणि आपल्यालाच धास्ती वाटते.

आणि पाट्या. गोल, निळ्या, आणि त्यावर पांढरी वाकडीतिकडी वीज. अक्षर एकही नाही, म्हणून बायकोचा फोन हतबल. पण दादाला अक्षरांची गरज नव्हती. तीस वर्षांनी त्याच्या विषयाचा प्रश्न पेपरात आला होता.

"हाय टेन्शन," तो म्हणाला. "वरून लाइन गेलीय. गाडीतून उतरायचं नाही."

आम्ही वर बघितलं. तार नव्हती.

"भूमिगत," दादा म्हणाला.

पुढच्या वळणावर पुन्हा तीच पाटी. तिसऱ्या पाटीला वहिनींनी वीज कोसळण्याची शक्यता बोलून दाखवली. बायकोला वाटलं इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायची सोय असावी. दादानं दोघींनाही झिडकारलं आणि खिडक्या बंद करायला लावल्या. मी ताशी दहाच्या वेगानं, श्वाससुद्धा बेतानं घेत, विजेखालून चाललो होतो.

तेवढ्यात समोरच्या वळणापलीकडून आवाज आला. हॉर्न! इतक्या दिवसांनी! आम्ही चौघं दचकलो. आरशात एक पांढरा छोटा ट्रक दिसला, मग प्रत्यक्ष आला. मागे भाजीच्या टोपल्या, पुढे चौपानी रंगीत स्टिकर. हा सत्तरीपुढच्या चालकांनी लावायचा असतो. दादा आतापर्यंत त्याला वृक्षारोपणाचा समजत होता. आतले आजोबा आमच्या शेजारून कडेला घासत, हातभर अंतर ठेवून सहज निघून गेले. पण जाण्याआधी थांबले. काच खाली केली. त्या विजेच्या पाटीकडे बोट दाखवलं, मग माझ्या स्टिअरिंगकडे, आणि हवेत अंगठा दाबला.

मला समजलं, पण धीर होईना. त्यांनी पुन्हा अंगठा दाबला, जरा रागानं. पाटीचा अर्थ एवढाच होता: इथे हॉर्न वाजवा. समोरचं दिसत नाही, म्हणून वाजवलाच पाहिजे. ज्या देशात हॉर्न मना, त्या देशाच्या सरकारनं खास निळी पाटी लावून माझ्यासारख्यासाठी सोय केली होती, आणि आम्ही तिच्याखालून डोळे मिटून चाललो होतो.

पुढच्या पाटीला मी वाजवला. आधी लाजत, छोटा. मग पुढच्या पाटीला लांब. पलीकडून कुणी उत्तर दिलं नाही, तरी दरीतून माझाच परत आला. अंगठा मोकळा झाला, खांदे खाली आले. पुढे मी दोन छोटे आणि एक लांब असा पुणेरी सूर लावला आणि मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "आत्ता कसं घरी आल्यासारखं वाटतंय." दादा खिडकी उघडून पुढच्या निळ्या गोलाची वाट बघत बसला, दिसला की तो "आली!" म्हणायचा आणि मी वाजवायचो. हाय टेन्शनबद्दल तो परत काही बोलला नाही.

तोत्सुकावाच्या खोऱ्यात उतरलो आणि १६८ नंबरचा रुंद, गुळगुळीत, दोन पदरी रस्ता लागला. मधली रेघ, कठडे, सगळं व्यवस्थित. पुढच्या गाड्या शांतपणे चाललेल्या, कुणाचा आवाज नाही. बराच वेळ विजेची एकही पाटी आली नाही. दादानं मागे वळून डोंगराकडे बघितलं.

"होंगूला लवकर पोचायलाच पाहिजे का रे?" तो म्हणाला. "नाही म्हणजे, वरून परत एकदा गेलो असतो."